पटावरची नावे : ‘एक्स-मेन’चा सहासष्टावा अंक पुन्हा वाचताना

मराठी वाचकाला कॉमिक म्हटले की आधी वेताळ आठवतो. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि ली फॉक यांचा मुखवट्यातला ‘फँटम’ मराठीत वेताळ होऊन आला. हे नाव ज्याने कुणी ठेवले, त्याला आपली माणसे चांगली ठाऊक असावीत. रात्री मशाली घेऊन निघणारी वेताळाची पालखी कोकणापासून देशापर्यंत सर्वांनी ऐकलेली. कोल्हापुरात शिवाजी पेठेतली एक तालीम तर वेताळमाळाच्याच नावाने ओळखली जाते. त्यामुळे अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून कुठल्याशा दूरच्या जंगलात राहणारा हा गोरा माणूस आमच्या पेठ वडगावसारख्या बाजाराच्या गावातही परका वाटला नाही. ते अंक या हातातून त्या हातात जात, पाठपान फाटले की सुईदोऱ्याने शिवले जात, आणि शेवटी रद्दीत जात.

वेताळाच्या गोष्टीत एक सोय होती, ती तेव्हा आम्हांला फक्त गंमत वाटे. वेताळ मरत नाही असे जंगलातले लोक मानतात. खरे असे की १५३६ पासून बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, आणि आपण वाचतो तो एकविसावा. माणूस बदलतो, मुखवटा तोच राहतो. एकट्या नायकाची गोष्ट कधीच संपू नये यासाठी फॉक यांनी केलेली ही तजवीज आहे. पण नायक एकटा नसून पाच-सहा जणांचा संघ असेल, प्रत्येकाचे नाव, चेहरा आणि स्वभाव वाचकाला पाठ असेल, तर अशी गोष्ट संपल्यावर पुन्हा कशी सुरू करायची? या प्रश्नाचे चित्रकथांच्या इतिहासातले सर्वांत बोलके उत्तर एका अमेरिकी मासिकात सापडते. त्याच्या शेवटच्या अंकाकडे, म्हणजे ज्याला तेव्हा शेवटचा मानले गेले त्या अंकाकडे, या लेखात पुन्हा पाहायचे आहे.

‘एक्स-मेन’चा पहिला अंक सप्टेंबर १९६३ चा, म्हणजे आपल्या इंद्रजालच्या आधी सहा महिने निघालेला. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी, प्रकाशक न्यूयॉर्कची मार्व्हल कंपनी. कल्पना साधी होती. काही माणसे जन्मतःच वेगळी शक्ती घेऊन येतात, जग त्यांना घाबरते. चाकांच्या खुर्चीत बसलेले प्रोफेसर चार्ल्स झेवियर अशा मुलांसाठी एक शाळा चालवतात. पटावर पाच नावे : डोळ्यांतून किरण सोडणारा सायक्लॉप्स, पंखांचा एंजल, बर्फाचा आइसमॅन, दणकट हातापायांचा पण पुस्तकी भाषा बोलणारा बीस्ट आणि मनाने वस्तू हलवणारी मार्व्हल गर्ल. मार्व्हलचे बाकीचे नायक प्रयोगशाळेतल्या अपघातांतून किंवा पुराणांतून आले होते. हे पाचजण शाळेतून आले होते. ‘शाळा’ हा शब्द वाचकाने लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

सुरुवातीला मासिक दोन महिन्यांनी निघे, नोव्हेंबर १९६५ च्या चौदाव्या अंकापासून दरमहा निघू लागले. मात्र कर्बी लवकरच बाजूला झाले, विसाव्या अंकापासून लेखन रॉय थॉमस या तरुण लेखकाकडे आले, आणि मार्व्हलच्या इतर मासिकांच्या मानाने हे मासिक मागे पडत गेले. वाचक परत यावा म्हणून जे उपाय झाले ते आपल्याकडच्या कोणत्याही संपादकाला ओळखीचे वाटतील. मार्च १९६८ च्या बेचाळिसाव्या अंकात प्रोफेसरांनाच मारले. सेहेचाळिसाव्यात संघ फोडला. मग पुन्हा जोडला. मे १९६९ च्या छप्पन्नाव्या अंकापासून नील अ‍ॅडम्स हा विलक्षण ताकदीचा चित्रकार आणला. त्याने पानाची चौकट वाकवली, तिरपी केली, चेहऱ्यांना माणसांचे चेहरे केले. आज जाणकार त्या अंकांना मानाचे स्थान देतात. पण तेव्हाचा व्यवहार असा होता की अंक वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर जात आणि न खपलेले परत येत. खपाचा खरा आकडा कळायला महिने लागत. चांगल्या अंकाचे फळ दिसेपर्यंत मासिकाच्या आयुष्याचा निर्णय होऊन जाई. त्यातच १९६९ मध्ये अंकाची किंमत १२ सेंटवरून १५ सेंट झाली होती आणि कंपनीची मालकी आदल्याच वर्षी बदलली होती.

अशा स्थितीत मार्च १९७० चा सहासष्टावा अंक बाहेर पडला. लेखन रॉय थॉमस, चित्रे सॅल ब्युसेमा, शाई सॅम ग्रेंजर. अ‍ॅडम्स आदल्या अंकापर्यंतच होते. त्या पासष्टाव्या अंकात डेनिस ओ’नील यांनी प्रोफेसर मेलेच नव्हते, त्यांच्या जागी त्यांचे रूप घेतलेला दुसराच माणूस मेला होता, असे उघड केले होते. परग्रहावरून आलेले आक्रमण प्रोफेसरांनी मनाच्या बळावर परतवले आणि त्या श्रमाने ते कोसळले. सहासष्टाव्या अंकाची गोष्ट तिथून सुरू होते. गुरुजी बेशुद्ध आहेत. त्यांना वाचवू शकेल असे एक यंत्र ब्रूस बॅनर या शास्त्रज्ञाने बनवले आहे. पण बॅनर म्हणजेच हल्क, रागाच्या भरात हिरवा राक्षस होणारा माणूस. मुले नेवाडाच्या वाळवंटाकडे धावतात, लास व्हेगसमध्ये हल्कशी झुंजतात, यंत्र मिळवतात. गुरुजी शुद्धीवर येतात. ज्याचे यंत्र, तो हल्क मात्र जसा आला तसाच एकटा निघून जातो.

गोष्ट एवढीच. प्रामाणिकपणे सांगायचे तर अंक मध्यम आहे. दुसऱ्या मासिकातला लोकप्रिय पाहुणा आणून मारामारी लावायची, ही मार्व्हलची नेहमीची युक्ती. निरोपाचे भाषण नाही, कुणी लग्न करून घरी जात नाही, शाळेला कुलूप लागत नाही. कुठल्याही महिन्यात खपेल असा हा अंक. तो शेवटचा आहे, हे गोष्टीतल्या कोणत्याही पात्राला ठाऊक नाही.

पण पुढे काय झाले ते माहीत असताना वाचले, तर याच अंकात एक गोष्ट डोळ्यांत भरते. सात वर्षे चाललेल्या या शाळेत प्रवेश जवळजवळ बंद होते. मिमिक नावाचा एकजण काही अंकांपुरता आला आणि गेला. अखेरच्या दीड-दोन वर्षांत सायक्लॉप्सचा भाऊ ॲलेक्स आणि लॉर्ना डेन ही दोघे आली, ती घरच्या पाहुण्यांसारखी. बाकी पटावर तीच पाच नावे. मुले मोठी झाली, पदवीधर झाली, तरी शाळेतच राहिली, कारण त्यांच्या जागी बसायला कोणी नव्हते. आणि शेवटच्या अंकात जुने विद्यार्थी आजारी गुरुजींसाठी औषध शोधत फिरत आहेत. लेखकाला हे सुचवायचे होते असा दावा मी करणार नाही. थॉमस यांना महिन्याचा अंक वेळेवर द्यायचा होता. पण मासिकाची खरी दुखणी कधी कधी त्याच्या गोष्टीत आपोआप उमटतात, आणि इथे ती उमटली आहेत. नवा विद्यार्थी नसलेल्या शाळेत फार तर गुरुजींना जिवंत ठेवता येते.

यानंतर जे घडले ते विचित्र होते. मासिक बंद झाले, पण पूर्ण बंद झाले नाही. काही महिन्यांच्या खंडानंतर डिसेंबर १९७० मध्ये सदुसष्टावा अंक आला, आणि त्यात नवी गोष्ट नव्हती. जुन्याच अंकांतल्या गोष्टी पुन्हा छापल्या होत्या. एप्रिल १९७५ च्या त्र्याण्णवाव्या अंकापर्यंत, म्हणजे तब्बल २७ अंक, असेच चालले. पुनर्मुद्रणात लेखक-चित्रकाराला नवे मानधन द्यावे लागत नसे, त्यामुळे थोड्या खपावरही ते परवडे. याला कोणी कलेची सेवा म्हणणार नाही. पण या कंजूष व्यवहाराने नकळत एक मोठे काम केले. मासिकाचा क्रमांक चालू राहिला. टपरीवर नाव दिसत राहिले. शाळेत वर्ग भरत नव्हते, पण हजेरीपट कोणीतरी दर दोन महिन्यांनी उघडून ठेवत होते. जुने वाचक गेले, आणि त्या पाच वर्षांत वयात आलेल्या नव्या मुलांनी याच पुनर्मुद्रणांतून शाळेची ओळख करून घेतली.

मधल्या काळात पात्रे इतर मासिकांत पाहुणी म्हणून वावरत होती. बीस्टला १९७२ मध्ये ‘अमेझिंग ॲडव्हेंचर्स’मध्ये स्वतःची मालिका मिळाली आणि तिथेच त्याच्या अंगावर केस उगवले. बाकीचे १९७४ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’च्या गोष्टीत आले. आणि त्याच वर्षी ‘हल्क’च्या मासिकात, नोव्हेंबरच्या १८१ व्या अंकात, लेखक लेन वीन आणि चित्रकार हर्ब ट्रिम्पे यांनी हल्कशी भिडणारा एक बुटका, चिडका कॅनेडियन माणूस पूर्ण गोष्टीभर वावरू दिला. त्याच्या हातांना धारदार नख्या होत्या. हा वुल्व्हरिन. एक्स-मेनची शेवटची लढाई हल्कशी झाली होती, आणि पुढे ज्याच्या नावाने एक्स-मेन जगभर ओळखले गेले तो माणूसही हल्कच्याच दारातून आला. इतिहासात असे योगायोग घडतात. त्यांना अर्थ चिकटवू नये, पण नोंद करायला हरकत नाही.

पुनरारंभाची प्रेरणाही व्यापारीच होती. मार्व्हलचे तेव्हाचे अध्यक्ष अल लँडाऊ यांना परदेशी बाजारात चालतील असे निरनिराळ्या देशांचे नायक हवे होते, असे रॉय थॉमस यांनी सांगितले आहे. थॉमस यांनी त्या मागणीला एक्स-मेनचे रिकामे घर दाखवले. लेन वीन यांनी लिहिले, डेव्ह कॉक्रम यांनी चित्रे काढली. कॉक्रम यांच्या वहीत आधीपासूनच बरीच पात्रे पडून होती. निळ्या कातडीचा, शेपटीचा नाइटक्रॉलर त्यांनी पूर्वी दुसऱ्या प्रकाशकाच्या संघासाठी कल्पिला होता. मे १९७५ च्या ‘जायंट-साइज एक्स-मेन’च्या पहिल्या अंकात प्रोफेसर झेवियर जगभर फिरून नवे विद्यार्थी गोळा करतात. जर्मनीचा नाइटक्रॉलर, केनियात पाऊस पाडणारी स्टॉर्म, रशियाच्या सामुदायिक शेतावरचा कोलोसस, आयर्लंडचा बॅन्शी, जपानचा सनफायर, अपाची जमातीचा थंडरबर्ड आणि कॅनडाचा वुल्व्हरिन. परदेशी खपासाठी निवडलेल्या या यादीत सोव्हिएत रशिया आणि केनिया होते, जिथे मार्व्हलचा धंदा नावालाच असणार. भारत नव्हता. या मासिकांच्या पटावर कोलकात्याचा नील शारा यायला २००० साल उजाडावे लागले.

आता गोष्टीची बांधणी पाहा. प्रोफेसर नवे विद्यार्थी का शोधतात? कारण क्राकोआ नावाच्या बेटावर जुने विद्यार्थी बेपत्ता झाले आहेत आणि त्यांना सोडवायचे आहे. सहासष्टाव्या अंकात विद्यार्थी गुरुजींना वाचवायला निघाले होते. नव्या अंकात गुरुजी विद्यार्थ्यांना वाचवायला निघतात, आणि त्यासाठी शाळेचे दार उघडतात. पाच वर्षे जुना संघ टपरीवर खऱ्या अर्थाने बेपत्ताच होता. वीन आणि कॉक्रम यांनी ती बाहेरची वस्तुस्थिती उचलून गोष्टीत घातली. मधली पोकळी झाकली नाही, तिलाच कथानक केले. सुटका झाल्यावर एका बेटावरून तेराजण परततात, आणि आता इतक्या जणांचे करायचे काय, हा प्रश्न पुढे येतो. ऑगस्ट १९७५ च्या अंकात त्याचे उत्तर मिळाले. जुन्यांपैकी बहुतेक जण शाळा सोडतात, सायक्लॉप्स राहतो. त्या अंकावर क्रमांक होता ९४. म्हणजे हजेरीपट तोच, पान फक्त उलटले.

या अंकापासून ख्रिस क्लेअरमॉन्ट लिहू लागले आणि १९९१ पर्यंत लिहीत राहिले. दुसऱ्याच अंकात त्यांनी थंडरबर्डला मारले. नव्या प्रवेशांपैकी सगळेच टिकतील असे नाही, हेही वाचकाला तेव्हाच कळले. १९९१ मध्ये त्यांनी आणि जिम ली यांनी काढलेल्या नव्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या. मार्च १९७० मध्ये टपरीवरून परत येणाऱ्या गठ्ठ्यांतून हे दिसणे शक्य नव्हते.

तरी या यशात काय गमावले, तेही पाहायला हवे. आमच्या वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. संताजींच्या नंतर सेनापतिपद धनाजींकडे आले, १७०८ मध्ये धनाजी गेल्यावर ते त्यांच्या मुलाकडे, चंद्रसेनाकडे गेले. पद रिकामे राहिले नाही. पण तीनशे वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी जोडी एकच आहे, संताजी-धनाजी. त्या जोडीत तिसरे नाव बसत नाही. पद चालू ठेवता येते, जोडी चालू ठेवता येत नाही. ज्यांनी १९६३ पासून ते पाचजण वाचले होते, त्यांच्यासाठी सहासष्टावा अंक खरोखरच शेवटचा होता. पुढे १९८६ मध्ये त्याच पाचजणांना ‘एक्स-फॅक्टर’ या वेगळ्या मासिकात पुन्हा एकत्र आणले गेले, ते याच ओढीपोटी. त्यासाठी मेलेल्या मार्व्हल गर्लला परत जिवंत करावे लागले. मला वाटते, सहासष्टाव्या अंकाचे मोल इथे आहे. ती त्या पाचजणांच्या वर्गाची शेवटची हजेरी आहे, आणि हजेरी घेणाऱ्याला ती शेवटची असल्याचे माहीत नव्हते.

इंद्रजालचे काय झाले? तीही एक शाळाच होती. वेताळ, मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन हे परदेशातल्या किंग फीचर्सकडून उसने आणलेले विद्यार्थी. डिसेंबर १९७६ मध्ये, एक्स-मेनच्या पुनरारंभानंतर वर्षा-दीड वर्षाने, इंद्रजालनेही घरचा प्रवेश दिला. आबिद सुरती यांचा बहादूर आला. दाढीवाल्या डाकूंच्या मुलखातला, कुर्ता आणि जीन्स घालणारा हा आपला तरुण. मासिक पाक्षिक झाले, १९८० च्या दशकात साप्ताहिक झाले, आणि १९९० मध्ये थांबले. संग्राहकांच्या याद्यांत १२३ आणि १२४ हे क्रमांक रिकामे असतात, तेव्हाच्या संपामुळे ते अंक निघालेच नाहीत. बंद झाल्यावर वेताळ आणि मॅन्ड्रेक दुसऱ्या प्रकाशकांकडे गेले. उसन्या विद्यार्थ्यांना दुसरी शाळा मिळाली. पण इंद्रजालचा क्रमांक पुढे गेला नाही, आणि ज्या अनाम अनुवादकांनी वेताळाला मराठी बोलायला शिकवले त्यांची नावे कुठल्याच पटावर नव्हती. वेताळाच्या गोष्टीत मुखवटा पेलणारा मुलगा प्रत्येक पिढीत होता. मासिकाच्या गोष्टीत तो नव्हता.

म्हणून सहासष्टावा अंक वाचताना मला राहून राहून आपली मासिके आठवतात. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये थांबले. दिवाळी अंकाची वाट ज्याने १९०९ मध्ये घालून दिली, ते काशिनाथ रघुनाथ मित्रांचे ‘मनोरंजन’ केव्हाच गेले. पण दिवाळी अंक राहिला. कारण तो कुणा एका मासिकाचा उरला नाही. दरवर्षी नवे संपादक आणि नवे लेखक त्या पटावर नाव घालत आले. काही नियतकालिकांचे महिन्याचे अंक बंद पडले तरी दिवाळीचा अंक ती काढतात. कधी कधी तो पुनर्मुद्रणासारखाच केविलवाणा असतो, तीच नावे, तेच विषय. त्यावर आपण नाक मुरडतो, मीही मुरडतो. पण त्र्याण्णवावा पुनर्मुद्रित अंक निघाला नसता, तर चौऱ्याण्णवावा कशाच्या पुढे निघाला असता?

एवढे मात्र खरे की नुसता पट उघडा ठेवून भागत नाही. २७ अंक पट उघडा होता, तरी शाळा सुरू झाली ती झेवियर दाराबाहेर पडून अनोळखी मुलांच्या गावी गेले तेव्हा. केनियातली, रशियातली, ज्यांची नावे आधीच्या विद्यार्थ्यांनी ऐकलीही नव्हती अशी ती मुले. या अंकाची अनुक्रमणिका चाळताना वाचकांनी एक हिशेब जरूर करावा. गेल्या वर्षी नसलेली नावे यंदा किती आहेत?